छापखान्याच्या अकरा चुका

"बीजगणित? अगं, बीजगणित म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" चष्मेवाल्याने जेवता जेवता जाहीर केलं आणि तो डावा हात उंच केला. हातात पाण्याचा पेला आहे हे तो साफ विसरला होता. पेला बायकोच्या मांडीवर रिकामा झाला.

"धुऊन निघाला असेल आता मळ!" कपडे झटकत ती म्हणाली.

विषय मुलीचा होता. पेन्सिली कुरतडायची म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणत. सुट्टी संपली की तिचा प्रगत गणिताचा वर्ग सुरू होणार होता आणि गणिताच्या बाई कडक. पहिल्याच दिवशी जुन्या बीजगणिताची चाचणी! जो नापास होईल त्याची रवानगी परत साध्या वर्गात. खारूला मोठेपणी ग्रहांच्या वाटा मोजायच्या होत्या, त्यामुळे साध्या वर्गात जायची तिची अजिबात तयारी नव्हती. शाळेने उजळणीसाठी चाळीस पानांची वही दिली होती. मागे उत्तरंही छापली होती.

"शिकवणी लावू या का?" बायकोने विचारलं.

"घरात विहीर असताना नळ कशाला?" चष्मेवाला म्हणाला. "रोज दुपारी एक तास मी घेतो!"

पहिल्या दुपारी विहिरीला पाणी लागलं नाही.

"बाबा, कंसाच्या आधी उणे आहे. −(क्ष − ३). कसा उघडायचा?"

"दार उघडतो तसा! उणे आत ढकलायचं. −क्ष − ३."

खारूने मागचं पान बघितलं. "इथे −क्ष + ३ दिलंय."

अशा वेळी माणसाने पुन्हा एकदा विचार करावा. त्याने केला नाही. "छापखान्याची चूक!" तो म्हणाला. "हल्ली तपासतो कोण?"

आठवड्याभरात छापखान्याच्या अशा अकरा चुका निघाल्या. अकराही ठिकाणी कंस होता, कंसाआधी उणे होतं, आणि अकराही ठिकाणी छापखाना आणि चष्मेवाला यांचं जमत नव्हतं. खारू पेन्सिल कुरतडत एकदा हळूच म्हणालीसुद्धा, "बाबा, छापखाना नेमका उण्यालाच का चुकतो?" पण तोवर चष्मेवाल्याने छान वळणदार अक्षरात यादी तयार केली होती. उदाहरण, वहीतलं चुकीचं उत्तर, शेजारी त्याचं बरोबर उत्तर. खाली सही.

त्या शुक्रवारी बाई स्वतःच चष्मेवाल्याच्या दुकानात आल्या. जुन्या चष्म्यावर त्या बसल्या होत्या आणि चष्म्याने आपलं काम कायमचं थांबवलं होतं. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. दोन्ही डोळे, अधिक तीन.

"चष्म्याशिवाय मला माझीच सही वाचता येत नाही," बाई म्हणाल्या. "चाचणीच्या आधी मिळेल ना?"

"मिळालाच म्हणून समजा! आणि हे जरा बघा, तुमच्या वहीत छपाईच्या अकरा चुका आहेत. सगळ्या दुरुस्त करून दिल्यात!"

"अरे वा!" बाईंनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला, मग आणखी लांब. मग हात संपला. "चष्मा आला की वाचते." त्यांनी कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि त्या गेल्या.

दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भिंतीवरच्या शंभर चष्म्यांत शंभर लहान खिडक्या चमकत होत्या. चष्मेवाल्याने सहज म्हणून वहीचं बारावं पान उघडलं. चौकटीत लिहिलं होतं: कंसाआधी उणे असेल, तर कंस उघडताना आतलं प्रत्येक चिन्ह बदलतं.

प्रत्येक!

त्याने खुर्चीला धरलं. म्हणजे छापखाना अकराही वेळा... आणि बाईंच्या पर्समध्ये त्याची सही!

एखादा दुसरा माणूस बाईंच्या मागे धावला असता. चष्मेवाला तेरावं पान वाचायला लागला. कारण पुढे समीकरणं होती, आणि काय सुंदर होती ती! शाळेत असताना याच पानांवर तो खिडकीबाहेरचे ढग मोजत बसला होता. आता तीस वर्षांनी कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळं समजावत होतं. बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की अधिकचा उणे होतो, उण्याचा अधिक. जणू नदी ओलांडताना प्रवासी टोपी उलटी घालतो! एका काठावर क्ष एकटाच उभा राहतो, आणि मग पलीकडून त्याची किंमत अलगद तरंगत येते. चष्मेवाला क्षकडे बघत राहिला. पंखा फिरत होता. अक्षरं पानावरून उठून काचांमधून पोहत जात होती.

तशाच अवस्थेत त्याने बाईंच्या चिठ्ठीवरचा नंबर आपल्या ऑर्डरच्या कागदावर उतरवला. मध्ये टेबलावरची फट होती. चिठ्ठी अलीकडे, कागद पलीकडे.

अधिक तीन फट ओलांडून गेला. उणे तीन झाला.

एरवी अर्ध्या तासाचं काम, पण त्याला चार दिवस लागले, कारण मध्ये अवयव पाडणं आलं. रोज दुपारी तो खारूला आता खरोखर शिकवू लागला होता. खरं सांगायचं तर दोघं मिळूनच शिकत होते. उत्तर जुळलं की खारू टाळी द्यायची. "बाबा, छापखाना सुधारला वाटतं!" ती म्हणायची, आणि चष्मेवाला खिडकीबाहेर बघायचा. यादीबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता.

मंगळवारी बाई आल्या. त्यांनी नवा चष्मा लावला आणि डोळे बारीक करून आधी भिंतीकडे, मग दाराकडे पाहिलं.

"सगळं फार लांब गेल्यासारखं वाटतंय हो. आणि धुक्यात."

चष्मेवाल्याने कागद पाहिला. कागदावर उणे तीन, काचा उणे तीन. तंतोतंत! "नव्या चष्म्याला दोन दिवस सवय लागते, बाई."

"तुमचा चेहरा ढगासारखा दिसतोय."

"तो थोडा तसाच आहे!"

"तुमची ती यादीसुद्धा वाचता येत नाहीये," बाईंनी पर्समधला कागद चाचपला.

"काही घाई नाही!" चष्मेवाला इतक्या जोरात म्हणाला की बाई दचकल्या. दुकानाबाहेर पडल्यावर त्यांनी रस्त्यावरच्या टपालपेटीला मान लववून नमस्कार केला. चष्मेवाल्याने ते पाहिलं, आणि बाई किती नम्र आहेत असं त्याला वाटलं.

चाचणीच्या सकाळी खारू शाळेत जाता जाता दुकानात थांबली. टेबलावर डॉक्टरांची चिठ्ठी आणि ऑर्डरचा कागद शेजारी शेजारी पडले होते.

"बाबा, इथे अधिक आहे. इथे उणे."

"बाजू बदलली की चिन्ह बदलतं, बाळा!" चष्मेवाला अभिमानाने म्हणाला.

"समीकरणात, बाबा! हे बाईंचे डोळे आहेत!"

पंखा एकदा पूर्ण फिरला. मग चष्मेवाल्याचा चेहरा पांढरा पडला. दोन दिवस! दोन दिवस बाई त्या धुक्यात चालत होत्या, रस्ते ओलांडत होत्या! आणि त्याच क्षणी, अगदी मागच्या दाराने यावा तसा, दुसरा विचार आला: चष्मा दुरुस्त झाला की बाई पहिली वाचणार ती यादी. आज चाचणी तशीच होऊन गेली, तर उद्या पर्समधून तो कागद कसाबसा...

खारू त्याच्याकडे बघत होती. "बाबा, बाई जिन्यावरून पडल्या तर?"

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मी वीस मिनिटांत आलो."

अधिक तीनच्या काचा त्याने घासल्या, तशीच दुसरी फ्रेम शोधून तिच्यात बसवल्या आणि दुकान उघडंच टाकून तो पळत सुटला.

वर्गात पोचला तेव्हा बाई खुंटीवर टांगलेल्या रेनकोटला दटावत होत्या. "तू, कोपऱ्यातला! तिसऱ्यांदा सांगतेय, खाली बस!" रेनकोट ऐकत नव्हता. मुलं श्वास रोखून बसली होती. फळ्यावर प्रश्न लिहिलेले होते, पण ओळीवर ओळ, ओळीवर ओळ. फळा म्हणजे कोळ्याने झोपेत विणलेलं जाळं झालं होतं.

"बाई!" चष्मेवाला धापा टाकत म्हणाला. "माझी चूक. अधिकचा उणे केला मी. हा घ्या!"

बाईंनी चष्मा बदलला. धुकं उतरलं. त्यांनी आधी रेनकोट पाहिला, मग फळा, मग चष्मेवाला. "ढग नाहीये तुमचा चेहरा," त्या हळूच म्हणाल्या. "टोमॅटो आहे."

मग त्यांनी फळा पुसला. "आता पुन्हा प्रश्न काढायला हवेत. माझा कागद तर मीच वाचू शकणार नाही असा लिहिलाय." त्यांनी पर्स उघडली, आणि हाताला एक घडी लागली. वळणदार अक्षरातली.

चष्मेवाल्याला पळून जायचं होतं. बाईंनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. त्यांच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. मग त्यांनी खडू उचलला आणि अकराच्या अकरा उदाहरणं यादीतल्या उत्तरांसकट फळ्यावर मांडली. नाव मात्र लिहिलं नाही.

"मुलांनो, ही आजची चाचणी. एका गृहस्थांनी ही उदाहरणं सोडवली आहेत. प्रत्येक ठिकाणी चूक शोधा आणि कारण लिहा. आठ बरोबर आली की पास. आणि गृहस्थ, तुम्ही मागच्या बाकावर बसा, उभे राहून धाप वाढतेय."

खारूने फळ्याकडे पाहिलं. मग एकदाच मागे वळून बघितलं. त्या बघण्यात हसू होतं आणि थोडी दयाही होती. मग ती पेन्सिल कुरतडायला लागली, आणि मग भराभरा लिहायला.

तासाभराने बाईंनी पेपर तपासले. खारूला अकरापैकी अकरा! शेवटी तिने एक ओळ जास्तीची लिहिली होती: "हा माणूस घाईत आहे, पण आता शिकतोय." चष्मेवाल्याचे डोळे भरून आले. फळा पुन्हा धूसर झाला, या वेळी काचांचा काही दोष नव्हता.

"थांबा जरा," बाई वहीचं मागचं पान बघत म्हणाल्या. "हे सातवं उदाहरण. २(क्ष − ५) − ३(क्ष − २). वहीत उत्तर −क्ष + ४ दिलंय. हे तर खरंच चुकलंय! इतकी वर्षं वही वापरतेय मी, कुणाच्या लक्षात आलं नाही. ही खरोखर छापखान्याची चूक आहे!"

चष्मेवाला बाकावरून उठला. उठला कसला, तरंगला! सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. खिडकीतून ऊन आलं आणि थेट त्याच्या डोक्यावर पडलं. अकरापैकी एक, पण खरी! छापखान्याला पकडणारा माणूस! खारूचा ऊर भरून आलेला त्याला इथूनसुद्धा दिसत होता.

"खरं उत्तर −क्ष − ४," बाई म्हणाल्या आणि त्यांनी यादीतल्या सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि तुम्ही दुरुस्त करून काय लिहिलंय? −क्ष − १६."

त्यांनी चष्मा जरा खाली ओढून त्याच्याकडे पाहिलं.

"छापखाना आठने चुकला. तुम्ही बाराने!"

दुकानापर्यंत चष्मेवाला बोटांवर मोजत गेला. बाराच होते.