हॅटमधलं घरटं

डावीकडचा खोका न्यायचा की उजवीकडचा, एवढं मी माझ्या बायकोला, एनिडला, विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण विचारायला जिना चढावा लागला असता. शिवाय (खरं कारण हेच) तिने ते सकाळपासून दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मी 'हो हो' म्हटलं होतं. मी डावीकडचा उचलला.

दोन्ही खोके गोल, दोन्ही करडे. एकात एनिडची जुनी निळी हॅट होती. ती आमच्या उद्यानमित्र मंडळाच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत द्यायची होती. दुसऱ्यात नवी हॅट होती. ती शनिवारी भाचीच्या लग्नात एनिडच्या डोक्यावर जायची होती. भाचीची आई म्हणजे एनिडची धाकटी बहीण म्युरिएल. दोघी बहिणी एकमेकींवर फार प्रेम करतात आणि लग्नकार्यात एकमेकींची हॅट आधी पाहतात. मागच्या लग्नात म्युरिएलच्या हॅटवर मोराची पिसं होती. त्या दिवसापासून एनिड पैसे साठवत होती.

मी चाळीस वर्षं विद्यापीठात ग्रीक शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात माझा उपयोग नाही हे दोघांच्याही लक्षात आलं, आणि मी उद्यानमित्र झालो. आमच्या गावात, सेव्हर्न नदीच्या काठी, निवृत्त माणसं दुसरं काही होतही नाहीत. आम्ही तळ्यातला गाळ काढतो, गुलाब छाटतो, हेजहॉग नावाच्या काटेरी प्राण्यांना कुंपणातून वाट करून देतो आणि या सगळ्याच्या मधे चहा पितो. मला गुलाबांच्या कात्रीपासून लांब ठेवून (एक प्रसंग घडला होता, तो सांगत नाही) घरट्यांच्या नोंदवहीचं काम दिलं होतं.

तर तो खोका मी पार्कातल्या अवजारांच्या खोलीत नेऊन मॉरिसच्या हाती दिला. मॉरिस निवृत्त भूमापक. त्याला बियांच्या पुड्या ठेवायला खोका हवाच होता. त्याने आतलं सामान न बघता वरच्या फळीवर ठेवलं आणि खोका घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी दार उघडलं आणि जागच्या जागी थिजलो. वरच्या फळीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात, हिरवट कसल्याशा ढिगावर एक घरटं होतं. घरट्यात तीन निळी अंडी. आणि त्यांच्याशेजारी बसलेला लाल छातीचा रॉबिन. त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली.

मी दार हलकेच लावून घेतलं आणि धावलो. (माझ्या वयात धावणं म्हणजे लोकांनी 'बरं आहे ना?' विचारणं.)

आमचा नियम कडक आहे. वापरातल्या घरट्याला हात लावणं गुन्हा. पाच पावलांच्या आत कुणी जायचं नाही. आणि अंडीचोरांना सुगावा लागू नये म्हणून घरटं कुठे आहे हे मंडळाबाहेर कुणालाही सांगायचं नाही, घरच्या माणसांनाही नाही. आमच्या अध्यक्ष थेल्माबाईंनी दारापुढे फीत बांधली आणि सगळ्यांना कुजबुजत बोलायला लावलं. गाळाच्या टोपल्या उचलतानाही लोक कुजबुजत होते.

एकेकाला उंबऱ्यावरून दर्शन मिळे.

"डोळे मिचकावले त्याने," मॉरिस म्हणाला. "मी स्वतः पाहिलं."

"मान हलवली," थेल्माबाई म्हणाल्या. "दार उघडलं की हलवतो. भितो बिचारा."

"पण प्रोफेसर," मॉरिसने विचारलं, "रॉबिनची अंडी निळी कशी?"

हा प्रश्न मलाही पडला होता. पुस्तकात पाहिलं तर इंग्लंडातल्या रॉबिनची अंडी पांढुरकी, तांबूस ठिपक्यांची. मी स्वभावाने फार संशयी आहे. पण मला संशय येतो तो नेहमी स्वतःचाच. पक्ष्यावर तो घ्यावा असं मनातही आलं नाही. मी दोन रात्री जागून 'रॉबिनच्या अंड्यांतील एक दुर्मीळ वर्णभेद' असं सहा पानी टिपण लिहिलं. थेल्माबाईंनी ते वाचून माझा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत कुणी माझं टिपण वाचून असं केलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी एनिडने कपाट उघडलं. मग खोका उघडला.

"कथबर्ट, ही निळी हॅट इथे काय करतेय?"

फळीवरचा तो हिरवट ढीग डोळ्यांपुढे आला.

"तुझी नवी हॅट हिरवी होती का गं?"

"शेवाळी. का?"

"एनिड, आधी खाली बस. ती हॅट उद्या मिळणार नाही. अजून तीन आठवडे तरी नाही. तिच्यात पक्ष्याने घर केलंय. मला सांगायची परवानगी नव्हती."

ती बसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"अंडी किती?"

"तीन."

"निळी?"

"हो! म्हणजे तुलासुद्धा हे विचित्र—"

"आणि पक्षी लाल छातीचा."

"तुला कसं कळलं?"

"कोट घाल," एनिड म्हणाली.

पार्कात थेल्माबाई आणि मॉरिस फितीबाहेर घडीच्या खुर्च्यांवर पहारा देत होते. एनिड फितीखालून वाकून सरळ आत गेली.

"एनिड, पाच पावलं!" थेल्माबाई मोठ्याने कुजबुजल्या. "कायदा आहे!"

एनिड बाहेर आली ती हॅट डोक्यावर घालूनच. घरटं जागेवर, अंडी जागेवर, आणि तारेच्या स्प्रिंगवरचा रॉबिन प्रत्येक पावलाला मान डोलावत होता.

"कायद्याला म्हणावं, बिल आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "श्रूजबरीच्या हॅटवाल्या बाईने सहा आठवडे बसून केलीय."

मॉरिस बुटांच्या नाड्या बांधू लागला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"पण घरी कधी दिसली नाही मला," मी पुटपुटलो.

"तीन वेळा घालून दाखवली. तीनही वेळा 'छान' म्हणालास. पुस्तकातून मान वर न काढता." तिने माझ्या काखेतली नोंदवही ओढून घेतली. "बघू तरी, चार दिवस काय लिहिलंस."

दिव्याखाली उभं राहून ती वाचू लागली. 'मंगळवार. मादी घरट्याशी. अतिशय निष्ठावान.' 'बुधवार. पाऊस. मादी जागची हललेली नाही.' 'गुरुवार. मादी तशीच. नर जवळपास असावा, परंतु मादीकडे त्याचं लक्ष असल्याचं कोणतंही चिन्ह नाही.'

वहीत घडी घालून ठेवलेलं टिपणही तिने चाळलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"सहा पानी टिपण फाडून टाक," एनिड म्हणाली. "पण गुरुवारची नोंद ठेव. ती बरोबर आहे."