कोरड्या रांगेचं पाणी

पाण्याचा थेंबही न देता सव्वीस दिवस ठेवलेल्या घेवड्याला फुलं आली, तेव्हा आनंदाने रडावं की नुसतंच रडावं, हे शेंडेफळाला कळेना. पाच बहिणींतली ती धाकटी, म्हणून हे घरातलं नाव. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत ते कसं पोचलं ठाऊक नाही, पण अशी नावं माणसाच्या आधी पोचतात. वडील शिंपी. घराण्यात प्रबंध लिहिणारी ही पहिलीच, म्हणून त्यांनी तोंडी परीक्षेसाठी पांढरा कोट आधीच शिवून ठेवला होता, आणि पोरगी जे जे विसरू शकेल त्या प्रत्येक वस्तूसाठी त्याला एकेक खिसा लावला होता. खिसे अकरा झाले.

प्रयोग साधा होता. चोवीस कुंड्या. बारांची ओली रांग, तिला रोज मोजून पाणी. बारांची कोरडी रांग, तिला काही नाही. कोरडी रांग किती दिवस तग धरते ते पाहायचं आणि लिहायचं. अंदाज असा की आठव्या दिवशी माना पडतील आणि पंधराव्या दिवशी कारभार आटोपेल. आठव्या दिवशी माना पडल्या. पण बाराव्या दिवशी त्या पुन्हा वर झाल्या. विसाव्या दिवशी कोरडी रांग अशी टरारली की ओली रांग तिच्यापुढे आजारातून उठल्यासारखी दिसू लागली. आणि मग ही फुलं.

विभागप्रमुख बाई फार कडक. त्या व्हरांड्यातून गेल्या की भिंतीवरची मागे पडलेली घड्याळंसुद्धा आपणहून वेळेवर येत. त्यांनी बाहेरच्या परीक्षकांना त्याच दिवशी पत्र धाडलं, की आमच्याकडे न पिणारा घेवडा निघाला आहे. परीक्षकांनी कळवलं, चाळीस दिवसांनी तोंडी परीक्षेला येतोच आहे, तेव्हा तो घेवडा स्वतः पाहीन.

शेंडेफळाचे मार्गदर्शक म्हणजे एकरेघी सर. विभागात संशोधनाची रीत आणि नीती शिकवायचं काम त्यांच्याकडे. खोडरबर हे चोराचं हत्यार, असं ते पहिल्याच तासाला सांगत. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं कारण, सही, तारीख. हा नियम त्यांनी स्वतःच्या लग्नातही पाळला होता. पत्रिकेत वेळ चुकली, तर सरांनी तीनशे पत्रिकांवर एकेक रेघ मारून सही केली. निम्म्या पाहुण्यांना वाटलं लग्नच रद्द झालं. वहिनी ते अजून ऐकवतात. आकडा काय विद्यार्थ्यालाच दिसतो, असं म्हणून सर त्या तासाला कारकुनापासून झाडलोट करणाऱ्या मामांपर्यंत सगळ्यांना बसवत. मामा मागच्या बाकावर शांतपणे झोपत.

घोटाळा दाखवला तो वजनकाट्याने. सरांच्या शिस्तीप्रमाणे शेंडेफळ रोज सकाळी प्रत्येक कुंडी तोलायची. काटा इतका नाजूक की जवळ उसासा टाकला तर तोही मोजायचा. त्या काट्यावर कोरड्या रांगेचं वजन दिवसेंदिवस वाढत होतं. न पिता कुणाचं वजन इतकं वाढत नाही. मैत्रिणीने समजूत घातली, वजनाचा रकाना गाळून टाक, कुणी विचारलाय? खरंच कुणी विचारला नव्हता. रकाना ठेवावा तर प्रयोग बाद, आणि प्रयोग बाद म्हणजे बहुधा वर्ष बाद. गाळावा तर पदवी खिशात, आणि खिसे तर अकरा.

तिने घरी वडिलांना सांगितलं. त्यांनी ओठांतली सुई काढून ठेवली, कारण एरवी ते सुईसकटच बोलत.

"उसवून पुन्हा शिवलं तर त्यात लाज नाही, बाळा," ते म्हणाले. "पण वाकडी शिवण इस्त्रीने लपवली, तर गिऱ्हाईक हात वर करेपर्यंतच सदरा टिकतो."

दुसऱ्या दिवशी तिने सरांना गाठलं. "सर, कोरड्या रांगेला कुणीतरी पाणी घालतंय."

सरांना ठसका लागला. मग त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. "नोंद कर," ते नेहमीसारखंच म्हणाले, पण खिडकीकडे बघून.

तिने एक वही घेतली, रकाने आखले: दिवस, कुंडी, किती पाणी, कारण, सही. सुतळीने ती कुंड्यांच्या फळीला बांधली, पहिली ओळ स्वतः लिहिली आणि कुणाकडे न बघता निघून गेली.

दोन दिवसांनी सरांच्या समोर वही उघडली. पहिली नोंद तिचीच होती. अकरावा दिवस, कुंडी सात, अर्धा पेला, पडलेली मान पाहवेना. तेव्हा लिहिलं नाही, आज लिहिते. खाली मामांचं वळणदार अक्षर: दहाव्या दिवसापासून रोज, बाराही कुंड्या, एकेक पेला. ही रांग पोरीच्या नजरेतून सुटली असं वाटलं. ओल्या रांगेसाठी मोजून ठेवलेल्यातलं निम्मं इकडे वळवलं, तिला काय, रोजच मिळतं. त्याखाली ग्रंथपाल, कारकून, वजनाचा रकाना गाळ म्हणणारी ती मैत्रीण. आणि चक्क विभागप्रमुख बाई: दर शुक्रवारी, बाटलीत उरलेलं. उरलेलं म्हणजे पाणी नव्हे, असा समज होता.

जो तो समजत होता की पाप आपलं एकट्याचं, आणि तेही पेलाभरच.

सरांनी शेंडेफळाला ओली रांग बघून यायला सांगितलं. ती वळली तशी त्यांनी पेन काढलं, काहीतरी लिहिलं, शाईवर फुंकर घातली आणि वही मिटली. तिने ते नंतर वाचलं, पण वाचल्याचं दाखवलं नाही.

बाईंनी पहिल्या पत्राची प्रत काढली, न पिणाऱ्या घेवड्यावर एक रेघ मारली, सही केली आणि ती परीक्षकांना धाडली. प्रयोग नव्याने मांडला. उगवण धरून महिना लागणार होता. या खेपेला कुंड्या कुलपात. किल्ली ठेवायला विभागात एकही दगडाच्या काळजाचं माणूस उरलं नव्हतं. शेवटी ती शेजारच्या गणित विभागातल्या एका गृहस्थांना दिली, ज्यांना वेल आणि पडदा यांतला फरक कळत नसे. शेंडेफळ तोलायला गेली की तेही दारात उभे राहत. चौदाव्या दिवशी कोरडी रांग रीतसर वाळली. शेंडेफळ बाथरूममध्ये जाऊन थोडं रडली, डोळे पुसून आली आणि तिने आकडे लिहिले.

तोंडी परीक्षेला ती अकरा खिशांचा कोट घालून उभी राहिली. वडील बाहेर बाकावर. परीक्षक म्हातारे, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलू देणारे. त्यांनी वीस मिनिटं वजनांवरच विचारलं. मग प्रबंधाच्या शेवटी बांधलेली ती वही उघडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही नोंद कुणाची?"

एकरेघी सर उभे राहिले, वर्गात विद्यार्थी उभा राहतो तसे.

परीक्षकांनी ओळ मोठ्याने वाचली. नववा दिवस. बाराही कुंड्या, एकेक चमचा. कारण: मातीच्या निरीक्षणासाठी. या कारणावर रेघ होती. शेजारी लिहिलं होतं: चूक. खरं कारण, राहवलं नाही. सही, तारीख.

"रेघ एकच आहे," परीक्षक म्हणाले.

"हो, सर."

"खालचं वाचता येतंय."

"यायलाच हवं."

परीक्षकांनी वही मिटली आणि पाण्याचा पेला हातात घेऊन ते बाहेर आले. बाकावरचे शिंपी धडपडत उठले.

"कोट अंगाबरोबर बसलाय," परीक्षक त्यांना म्हणाले. "प्रबंधही."

पुढे व्हरांड्यातल्या खिडकीत पहिल्या कोरड्या रांगेच्या बारा कुंड्या मांडल्या होत्या, शेंगांनी लगडलेल्या. त्यांतली एक जरा मलूल होती. परीक्षक थांबले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि पेल्यात उरलेले दोन घोट तिच्या मुळाशी ओतले.

मग खिशातून पेन काढून त्यांनी मागून झाडत आलेल्या मामांना हळूच विचारलं, "वही कुठाय?"