जगतापजींचा एक रिजेक्ट

जगतापजींच्या शर्टाच्या खिशाला पेन कधी नसायचं. तिथे व्हर्नियर असायचं. जाडी मोजायचं हे हत्यार बाकीचे लोक कारखान्यात ठेवून घरी जातात. जगतापजी ते घेऊन लग्नाला जात, सब्जी घ्यायला जात, आणि आमचे जुने फोरमन वारले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेलाही गेले.

त्या दिवशी तिरडी बांधून होत आली होती. जगतापजी वाकले, एक डोळा मिटून त्यांनी नजर लावली आणि खिशात हात घातला. मला धडकीच भरली. त्यांनी दोन्ही बांबूंना व्हर्नियर लावलं आणि जाहीर केलं की डावा बांबू सहा मिलिमीटरने जास्त जाड आहे, वजन एका बाजूला जाईल. बांबूवाला म्हणाला, ‘‘बाउजी, अंदाज से बराबर है.’’ मग काय विचारता! दुसरा बांबू येईपर्यंत फोरमनसाहेब अर्धा तास अंगणात उन्हात पडून राहिले. त्यांचा मेहुणा जगतापजींच्या अंगावर धावून जायचाच बाकी होता. जगतापजी शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब जन्मभर सरळ चालले. आता शेवटचे तिरके कशाला न्यायचे?’’ मी खांदा दिला होता म्हणून सांगतो, तिरडी अगदी सरळ गेली.

‘‘अंदाजे म्हणजे झूठ, भिया,’’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. बारीक सेव घेतली की दुकानातच एक काडी मोजायचे आणि जाड निघाली तर पुडा परत. शिंप्याला छातीचं माप मिलिमीटरमध्ये सांगायचे, त्यामुळे तीन शिंपी बदलून झाले होते. त्यांचे पणजोबा होळकरांच्या तोफखान्यात होते. तोफ अंदाजे डागली तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो, हे आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागे.

पोलोग्राउंड भागात आमचा पंपाचे भाग बनवायचा कारखाना. मी तिथे इन्स्पेक्टर. नाव मोठं, काम एवढंच की तयार झालेला नग तपासायचा, चांगला असेल तर हिरवा टॅग बांधायचा, बिघडलेला असेल तर लाल. लाल टॅगवर कारण लिहायचं आणि ऑपरेटरची सही घ्यायची. दाराशी एक फळा होता, त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे रिजेक्ट लिहिलेले असत. जगतापजींच्या नावापुढे बावीस वर्षं शून्य होतं. कामावर आले की ते आधी त्या शून्याकडे बघायचे, मग चपला काढायचे.

शेठनी पहिलं सीएनसी मशीन आणलं तेव्हा जुने कारागीर त्याच्यापासून चार हात लांब राहिले. त्यात आकडे टाकायचे, बटण दाबायचं, की मशीन आपलं आपण कापत सुटतं. जगतापजींचं इंग्रजी बेताचंच, पण डिक्शनरी घेऊन दोन महिन्यांत त्यांनी मशीनचं जाडजूड पुस्तक पचवलं. ‘‘हिला अंदाज माहीतच नाही,’’ ते मला कौतुकाने म्हणाले. एखादी सून मनासारखी मिळावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

अशात शेठच्या मुलाला, बंटीला, इलेक्ट्रिक गिटारचं वेड लागलं. त्याला दुकानातली नको होती, स्वतःच्या डिझाइनची हवी होती. तारा, आवाज उचलणारे पिकअप आणि पट्ट्या बसवलेली तयार मान त्याने मुंबईहून मागवली, आणि लाकडाची बॉडी आमच्या मशीनवर कापायची असं ठरलं. ड्रॉइंग मी काढलं. सागवानाची फळी आली. आम्हाला वाटलं, पंपाची झाकणं कापणारे जगतापजी हे पोरखेळाचं काम झटकून टाकतील. ते तर लगेच तयार झाले. वर ड्रॉइंग दोन दिवसांसाठी घरी घेऊन गेले.

मशीनने दिवसभर लाकूड कापलं, सगळीकडे पिवळा भुसा उडाला. संध्याकाळी बॉडी बाहेर काढली तर बंटी ओरडला, ‘‘ये तो उल्टी है!’’

खरंच उलटी होती. आरशात बघावी तशी, डावीकडचं सगळं उजवीकडे. आकड्याआधीचं वजाचं चिन्ह चुकलं की मशीन असंच करतं, नवशिक्यांकडून पहिल्या महिन्यात होणारी चूक. सगळा कारखाना हसायला जमला. कोणी म्हणालं, तोफेचा गोळा शेवटी घरावरच पडला. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, मला जरा बरंच वाटलं. बावीस वर्षांच्या त्या शून्यासमोर आम्ही सगळे खुजे झालो होतो.

मी नग तपासला. उलटेपणाखेरीज आणखी एक गोष्ट होती. वरच्या कडेला एक उथळ खोलगट भाग कापलेला होता, तो माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हता. विचारलं तर म्हणाले, ‘‘टूल फिसललं.’’ मी चौदा वर्षं इन्स्पेक्टर होतो. घसरलेलं टूल ओरखडा काढतं, तळहात फिरवावा अशी गुळगुळीत खळगी काढत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी हसण्यात होतो.

लाल टॅगवर मी कारण लिहिलं, ‘प्रोग्रामची चूक’. म्हटलं, म्हाताऱ्याची तेवढीच लाज राहील. जगतापजींनी टॅग वाचला आणि परत दिला.

‘‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा, असं लिही.’’

‘‘अहो, राहू द्या ना जगतापजी.’’

‘‘लिही, भिया. हाच शब्द लिही.’’

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, नेहमीपेक्षा मोठी. फळ्यावरचं शून्य पुसून एकचा आकडाही स्वतःच लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बंटीची बॉडी नव्याने कापून दिली. तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. बंटीने महिनाभर वाजवली आणि मग त्याला मोटारसायकलचं वेड लागलं. उलटी बॉडी जगतापजींनी शेठकडून मागून घेतली. जाळायला नेतात की काय, असं कोणीतरी म्हणालं, आणि आम्ही तो विषय विसरलो.

मग जगतापजींनी नवीनच तऱ्हा सुरू केली. पाचला सुट्टी झाली की सायकलींची झुंबड बाहेर पडायची, आणि हे गेटसमोरच्या चहाच्या दुकानातल्या बाकावर बसून राहायचे. चहा घेत नसत, पेपर वाचत नसत. बरोबर सहा वाजता उठायचे आणि घरी जायला राऊची बस पकडायचे. काहीजण म्हणाले, बायकोने घरातून काढलंय. काहीजण म्हणाले, एका रिजेक्टने डोकं फिरलं. त्यांची मुलगी वैशाली, तिच्या हाताला पूर्वी काहीतरी लागलं होतं, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यापलीकडे कोणी कधी विचारलं नव्हतं.

पुढे माझ्या मुलाचं लग्न ठरलं. पत्रिका वाटायला मी रजा घेतली आणि सहाच्या सुमाराला राऊला त्यांच्या घरी पोचलो. बाहेरूनच तारांचा आवाज आला. कोणीतरी चाचपडत वाजवत होतं. दोन सूर नीट लागत, तिसरा अडखळे, की पुन्हा पहिल्यापासून. मी कडी वाजवली आणि आवाज थांबला.

वैशालीने दार उघडलं. डावा हात ओढणीखाली होता. पाणी आणायला वळली तेव्हा ओढणी सरकली. डाव्या हाताला अंगठा तेवढा होता. बोटं चारही नव्हती. भिंतीशी ती उलटी गिटार उभी होती, मान बसवलेली, तारा चढवलेल्या. आणि मानेला माझ्या अक्षरातला लाल टॅग तसाच बांधलेला.

मग मला सगळं दिसलं. इतर लोक डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबतात आणि उजव्याने छेडतात. हिला दाबायला उजवाच हात होता. तारा छेडायची चकती तिने डाव्या पंज्याला पट्ट्याने बांधली होती. आणि ती खळगी होती डावा हात टेकायला, तिच्याच मापाची. मी खुर्चीवर बसलो आणि पत्रिका हातातच राहिली.

ती म्हणाली, ‘‘काका, मी वाजवते हे बाबांना नका सांगू. ते समोर ऐकायला बसतील. आणि मग गाणं नाही ऐकणार, माझा हातच बघत बसतील.’’

दुसऱ्या दिवशी पाचला मी त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसलो. घरी जाऊन आल्याचं सांगितलं. ऐकलेलं सांगितलं नाही. मग ते रस्त्याकडे बघत बोलायला लागले. घरी एक छोटं हातप्रेस होतं, सुट्टीत ते त्यावर पत्र्याचे वॉशर कापायचे. वैशाली तेव्हा अकरावीत, गिटार शिकायला जायची, एक दिवस मदतीला बसली होती.

‘‘प्रेसचा गार्ड मी अंदाजे बसवला होता,’’ ते म्हणाले. ‘‘दोन सूत जागा जास्त राहिली, तेवढ्यातून तिची बोटं आत गेली. सगळे म्हणाले, नसीब. पोलीस नाही, चौकशी नाही, माझ्या नावापुढे कोणी काही लिहिलंच नाही. तू लिहिलंस, भिया.’’

मी एवढंच विचारलं, की मग वाजवते का ती.

त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. वैशाली रविवारी आईबरोबर बाजारात गेली की ते प्रत्येक तार मायक्रोमीटरने मोजत. नवीन होती तेव्हाचं माप एका बाजूला, पुढच्या रविवारांची मापं दुसऱ्या बाजूला. पहिले दोन महिने आकडा हललाच नव्हता. पुढे मात्र दर आठवड्याला थोडा थोडा उतरत गेला होता.

‘‘पहिली तार तिसऱ्या पट्टीवर वीस मायक्रॉन घिसली,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणजे वाजवते. बालवाडीत शिकवून ती साडेपाचला घरी येते. मी पावणेसहाला पोचायचो. पंधरा मिनिटांत काय वाजवणार बिचारी?’’

तिने मला शपथ घातलेली नव्हती, तरी मी तोंड उघडलं नाही. हे दोघं एकाच घरात, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते, आणि मधे मी मूर्खासारखा बसलो होतो. तिचे ते अडखळणारे सूर मी ऐकले होते, त्यांनी एकही ऐकला नव्हता. मला त्याची लाज वाटली.

सहा वाजले. राऊची बस वळणावर दिसली. मी उठलो आणि त्यांची पिशवी उचलून पुढे केली. जगतापजी उठले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं, बसकडे बघितलं आणि माझा हात धरून मला खाली बसवलं.

‘‘ही जाऊ दे, भिया. पुढची पकडू. एखादं गाणं अर्धं राहिलं असेल तिचं.’’