बाबांचा नाका

म्हाताऱ्या माणसाला कामात गुंतवून ठेवणं ही एक कला आहे आणि ती फक्त मलाच येते, असं मी आलापल्लीच्या पोस्टात छाती फुगवून सांगत होतो. सगळा स्टाफ ऐकत होता. त्यांना दुसरं काम नव्हतं!

माझे बाबा, श्रावण गार्ड, जंगलखात्याच्या नाक्यावर जन्मभर लाकडाचे पास तपासत, बांबूचा अडसर वर-खाली करून रिटायर झाले. आता ते सगळं विसरत. जेवलो की नाही ते विसरत. मला तर रोज विचारत, "तुमी कोन भाऊ?" ड्यूटी तेवढी आठवायची! संध्याकाळ झाली की नाका शोधायला थेट जंगलात. मोठा भाऊ नागपूरहून येऊन बजावून गेला, "आता एकदा जरी हरवले, तर मी त्याईले घेऊन जाईन." म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत! बाबांना तिथे कोंडलेलं मला बघवलं नसतं.

"अंगणाले फाटक लावा ना," बायको, कमला, म्हणाली. फाटकासाठी लटारू बंडीवाल्याला सागवान सांगितलं होतंच. तोवर मी माझी कला दाखवली. घरापुढच्या गल्लीत बांबू आडवा टाकला आणि बाबांच्या हाती जुनी शिट्टी दिली.

बाबा खुलले! दूधवाल्या बशीरला अडवलं, "दुधाचा पास दाखव!" कमलाच्या सरपणाची झडती घेतली. "आता चुलीत का पास जाळू?" ती माझ्यावर खेकसली. मी उदार मनाने हसलो. थोर माणसांना घरात किंमत नसतेच.

मग एका संध्याकाळी लटारूची बैलबंडी आली. वर भाताचं तणस, खाली सागाच्या फळ्या. आमच्याकडे घरच्या सागवानाला पास विचारणं म्हणजे लग्नात जावयाला पत्रिका विचारणं! बाबांनी शिट्टी फुंकून तणसात हात घातला.

"पास?"

"श्रावणभाऊ, काऊन मजाक करून राह्यले? माल तुमच्याच घरचा हाय! हरिदासभाऊनं मंगवला."

"कोन हरिदास?"

मी धावलो. "बाबा, मी हरिदास! जाऊ द्या त्याले!"

"म्हंजे चोर तूच!" बाबांनी माझी कॉलर धरली.

नेमकी तेव्हाच रेंजरसाहेबांची जीप गल्लीत शिरली आणि अडसरापाशी थांबली. बाबांनी खाडकन सलाम ठोकला. "साहेब, मालासकट चोर!"

साहेबांनी फळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही पोस्टातले ना? ते कलावाले?"

फळ्या जप्त होऊन सरकारी डेपोत गेल्या, दंड वेगळाच. फाटक राहिलं ते राहिलंच. बाबा मात्र त्या दिवशी न सांगता पोटभर जेवले. मला इतका राग आला होता, पण त्यांचा चेहरा पाहून तो टिकेना.

तेव्हापासून पोस्टातून आलो की मी एक ओंडका खांद्यावर घेतो आणि नाक्यावर जाऊन पकडला जातो. बाबा जंगलात जात नाहीत. मुलगा म्हणून ते मला अजून ओळखत नाहीत, चोर म्हणून मात्र लांबूनच ओळखतात! परवा मला यायला उशीर झाला, तर कमलाला विचारत होते, "बाई, आपला चोर काऊन नाई आला?"