फक्त घरी पाहण्यासाठी

"मैत्रिणी घरात मोजतात का?"

हा प्रश्न मी आपणहून विचारलेला नाही, हे आधीच नोंदवून ठेवते. तीन जणींनी मला भरीला घातलं म्हणून तो विचारला गेला. पुढे जे घडलं त्यात त्या तिघीही तितक्याच दोषी आहेत.

परिस्थिती अशी होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघींनी 'शेवटचा ग्रह' नावाचा सिनेमा एकत्र पाहिला. त्याच्या शेवटी कप्तानबाई यानाच्या बाहेर राहतात, दार बंद होतं, यानाचा संगणक विचारतो, "आपण कोण?" आणि पडद्यावर नावं सुरू होतात. तेव्हापासून आम्ही चौघी मनाने त्या दारापाशीच उभ्या होतो. ग्रह शेवटचा आहे असं पहिल्या भागात शपथेवर सांगितलं होतं, पण सिनेमा चालल्यावर निर्मात्यांना आणखी एक सापडला. 'शेवटचा ग्रह २' नेमका आमच्या परीक्षेच्या आठवड्यात लागला आणि शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी उतरला. आता त्याची डिस्क निघाली होती आणि माझ्या दप्तरात होती. डिस्क लावायचं यंत्र सबंध वर्गात फक्त आमच्या घरी आहे, कारण 'चालू वस्तू टाकायची नसते' या पंथाचे बाबा संस्थापक आहेत.

घाई एवढ्याचसाठी होती की आमच्यातल्या टाचणीच्या आईची बदली झाली होती. पंधरा दिवसांनी, रविवारी, टाचणी कायमची दुसऱ्या गावी जाणार होती. पाहायचं तर त्याआधी, आणि चौघींनी मिळून. तिघींनी पाहिलं तर ते पाहणंच नव्हे, असा आमचा ठराव होता.

टाचणी दिसायला बारीक आहे, पण टोचते. भोंगा कुजबुजली तरी शेजारच्या वर्गात उत्तर मिळतं. हजेरीने सहा वर्षांत एकदाही शाळा बुडवलेली नाही. ती झोपते, पण शाळेत येऊन झोपते.

मधल्या सुट्टीत भोंग्याने डिस्कच्या खोक्यामागचा मजकूर वाचला, म्हणजे शाळेला ऐकवला. "ही डिस्क केवळ खासगी, घरगुती दर्शनासाठी आहे. सार्वजनिक प्रदर्शन दंडनीय आहे. शंका असल्यास खालील क्रमांकावर संपर्क साधावा."

"मग आपण कोण?" टाचणी म्हणाली. "खासगी का सार्वजनिक?"

"भोंगा तर जन्मजात सार्वजनिक आहे," हजेरी डोळे मिटूनच म्हणाली.

"विचार की फोन करून," टाचणीने मला डिवचलं. "वक्तृत्वात दुसरी आलीस ना? का स्टेजवरच बोलता येतं?"

वक्तृत्वात दुसरी आल्यापासून माझा आत्मविश्वास उतू जातोय, हे तिला ठाऊक होतं. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर, तिच्याच फोनवरून, मी तो क्रमांक लावला.

"घरगुती दर्शन नियमन कक्ष. बोला," एक बाई म्हणाल्या.

मी विचारलं. पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.

"हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता."

"मग लोक काय करतात?"

"न विचारता पाहतात. आमची हरकत नसते, कारण आम्हाला माहीत नसतं. आता तुम्ही विचारलंत. आता नियम करावा लागेल."

"मी प्रश्न मागे घेते."

"मागे घेण्यासाठी तो आधी नोंदवावा लागतो. पत्ता सांगा."

टाचणी दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होती. पण मी तोवर स्पष्ट उच्चारात, योग्य ठिकाणी थांबत, पिनकोडपर्यंत पोचले होते.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. 'आपल्या प्रश्नाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, मैत्रिणी घरात मोजाव्यात किंवा कसे हे ठरविण्यापूर्वी, सदर पत्त्यावर घर आहे किंवा कसे याची खातरजमा करणे क्रमप्राप्त आहे. तोपर्यंत सदर डिस्क सीलबंद ठेवावी. सील सोबत जोडले आहे. ते स्वतः चिकटवावे.'

मी ते चिकटवलं. नाव-पत्ता देऊन बसल्यावर दुसरं काय करणार.

बाबा मात्र पोट धरून हसले. "घर आहे का म्हणे. येऊ दे त्यांना. आमच्यासारखं घर शोधून सापडणार नाही."

हे वाक्य बाबांनी खातरजमेला आलेल्या माणसालाही ऐकवलं आणि ते पुढे अहवालात आलं.

शुक्रवारी साहाय्यक घरपण निरीक्षक आले. शर्टाची घडी मोडू नये अशा बेताने ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि त्यांनी एक तक्ता व एक स्टॉपवॉच बाहेर काढलं.

आमच्या घरातली माणसं अशी. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. शहरात कुठे ना कुठे कोणीतरी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेलं असतं आणि ते बाबांशी बोलत असतं. आई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. तिला सगळ्यांच्या आतलं कळतं, पण ते रिपोर्ट आल्यावर. दादा म्हणजे आमच्याकडचं एक बंद दार.

"आपल्या पत्नी आत्ता कुठे आहेत?" निरीक्षकांनी बाबांना विचारलं.

"एक मिनिट." बाबांनी फोन काढला, टाइप केलं. स्वयंपाकघरात टिंग झालं. मग बाबांच्या हातात टिंग झालं. "स्वयंपाकघरात आहे म्हणते."

"इथून हाक ऐकू जात नाही?"

"जाते की. आत्ता टिंग नाही का ऐकू आलं?"

निरीक्षकांनी तक्त्यात लिहिलं : 'पत्रव्यवहार सुरळीत.'

मग ते आईकडे वळले. "मुलीबद्दल काही सांगाल?"

"दहावीत आहे. बी पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक चार."

"तिला कोणता सिनेमा पाहायचा आहे?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "ते रॉकेटचं."

दादाच्या दारावर निरीक्षकांनी स्वतः टकटक केली. आतून आवाज आला, "पार्सल बाहेर ठेवा."

शेवटी प्रात्यक्षिक होतं. घरातल्या सर्वांनी एका खोलीत, एका दिशेला तोंड करून एकशे सदतीस मिनिटं बसायचं. सिनेमाची लांबी तेवढी होती. सहाव्या मिनिटाला बाबा उठले, कारण एक वकील दोन मजल्यांच्या मध्ये होते. नवव्या मिनिटाला आई "एवढाच रिपोर्ट पाठवते" म्हणून गेली, ती गेलीच. दादा मुळात आलाच नव्हता. मी आणि निरीक्षक बंद टीव्हीकडे पाहत बसलो.

"तू उठलीस तरी चालेल," ते हलक्या आवाजात म्हणाले. "एकट्या माणसाचं मोजत नाहीत."

अहवाल त्यांनी तिथेच वाचून दाखवला. सदर पत्त्यावर घर आढळून आले नाही. कुटुंबप्रमुखांनीही 'शोधून सापडणार नाही' असे स्वतःच मान्य केले आहे. प्रवर्ग : प्रतीक्षालय.

"प्रतीक्षालय?" बाबा म्हणाले. "ही जागा माझ्या नावावर आहे."

"जागेबद्दल तक्रार नाही, साहेब. जागा उत्तम आहे. हवा खेळती आहे. पण चार माणसं आपापल्या गाडीची वाट बघत बसावीत, तसं आहे सगळं. इथे डिस्क लावणं म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन झालं. लावायचीच तर दोन दारं, आग विझवायचं नळकांडं आणि चौकशीची खिडकी लागेल."

"अहो, आम्ही सतरा वर्षं राहतोय इथे," आई म्हणाली.

"राहा ना. प्रतीक्षालयात बसायला मुदत नाही."

फेरतपासणी पुढच्या शुक्रवारी सहा वाजता ठरली. म्हणजे टाचणी जायच्या दोन दिवस आधी. मी जेवले नाही. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून मग जेवले.

बाबांना मात्र हा अहवाल फार लागला होता. लिफ्टच्या देखभालीचा असतो तसा एक तक्ता त्यांनी केला आणि रविवारी घरपणाची रंगीत तालीम ठेवली. पाच वाजता एकत्र बसणे. पाच दहाला विनोद, बाबा. पाच अकराला हसणे, सर्व. पाच वीसला रिमोटवरून भांडण, सौम्य. दादा त्याच्या खोलीतून व्हिडिओ कॉलवर हजर राहिला. त्याला आम्ही उशीला टेकवून सोफ्यावर बसवलं.

आई पाच दहालाच हसली.

"अगं, विनोद व्हायचाय अजून."

"माहितेय मला तो. वीस वर्षं ऐकतेय."

हे वाक्य निरीक्षकांसमोर निघालं असतं तर दहा गुण कुठेच गेले नव्हते. पण ते तक्त्यात नव्हतं, म्हणून बाबांनी ते पुन्हा म्हणायला मनाई केली.

शुक्रवार आला. आई-बाबा सहाला पोचणार होते. शाळा लवकर सुटली म्हणून तिघी माझ्याबरोबर आल्या. निकाल काहीही लागला तरी टाचणीबरोबरची ती शेवटून दुसरी दुपार होती. कुणालाच काही सुचत नव्हतं. सीलबंद डिस्क टीव्हीसमोर ठेवून आम्ही तिच्याकडे पाहत बसलो. हजेरी माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली. बंद टीव्हीचा रिमोट कुणाकडे असावा यावरून भोंगा आणि टाचणी तासभर भांडल्या. मग टाचणी उठून आत गेली आणि न विचारता तिसऱ्या डब्यातली बिस्किटं घेऊन आली.

"आतून कडी लावत जा," ती म्हणाली. "एक माणूस केव्हाचा आत येऊन बसलाय."

कोपऱ्यातल्या खुर्चीच्या कडेवर निरीक्षक होते. हातात स्टॉपवॉच होतं.

"तुम्ही सहाला येणार होतात ना?" मी म्हटलं.

"सांगितलेल्या वेळी सगळीकडेच घर असतं," ते म्हणाले. "चालू द्या तुमचं."

"चालू काय द्या?" भोंगा म्हणाली. "काही चाललंच नाहीये. ही चाललीये फक्त, परवा." आणि तिने टाचणीच्या पाठीत गुद्दा घातला. मग स्वतःच रडली, तेही कुजबुजत, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला खाली आल्या.

सहाला तीन मिनिटं कमी असताना निरीक्षकांनी घड्याळ थांबवलं, एका प्रमाणपत्रावर शिक्का मारला आणि माझ्या हातात दिलं. 'सदर पत्त्यावर घर आढळून आले. सदस्य : चार. त्यांपैकी एक झोपेत.'

तेवढ्यात आई-बाबा आले. बाबांच्या हातात तक्त्याच्या दोन प्रती होत्या. आई येतानाच हसत होती, सराव म्हणून.

"हे कोण?" निरीक्षकांनी मला विचारलं, पेन उघडून.

"माझे आई-बाबा."

"अभ्यागत, दोन," त्यांनी लिहिलं. "आतल्या दारामागे आणखी एक. यांच्यासमोर डिस्क लावता येणार नाही. घराबाहेरच्यांसमोर लावली की सार्वजनिक प्रदर्शन होतं."

"म्हणजे माझ्या टीव्हीवर, माझ्या मुलीचा सिनेमा, मी पाहायचा नाही?" बाबा म्हणाले.

"पाहुणे म्हणून केव्हाही या, साहेब. जेवून जा. फक्त डिस्क चालू असेपर्यंत बाहेर थांबा."

"बाहेर कुठे?"

"कुठेही. प्रतीक्षालयाची आपल्याला सवय आहे."

शनिवारी आम्ही सील फोडलं आणि सिनेमा पाहिला, चौघींनी मिळून. आई-बाबा जिन्याच्या पायरीवर बसले. जिन्यात फोनला रेंज नसते. वरच्या काकूंनी नंतर सांगितलं की दोघं सबंध वेळ बोलत होती आणि मधे मधे हसतही होती, तक्त्याशिवाय. याची नोंद घ्यायला त्या वेळी तिथे कोणीही अधिकारी नव्हता.

दार उघडलं का? ते तुम्हाला सांगता येणार नाही. तुम्ही आमच्या घरातले नाही. तुम्हाला सांगितलं तर ते सार्वजनिक प्रदर्शन होईल. डिस्क आणा आणि आपापल्या घरी पाहा. आता हे वाचता वाचता, न उठता आणि फोनला हात न लावता, आतल्या खोलीतलं माणूस या क्षणी काय करतंय ते सांगता येतं का, एवढंच आधी बघा. घाबरू नका, मी कुठेही कळवणार नाही. तुम्ही स्वतः विचारत नाही तोवर नियम लागू होत नाही, आणि तुम्ही शहाणे आहात, तुम्ही विचारणार नाही.

रविवारी सकाळी टाचणी गेली. प्रमाणपत्राच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय की सदस्य घटल्यास घर आपोआप रद्द समजावे. ते वाचून मी बाहेरच्या खोलीत आले. आई सोफ्याच्या एका टोकाला होती, बाबा दुसऱ्या. मी वक्तृत्वात उभी राहते तशी टीव्हीसमोर उभी राहिले.

"आई, बाबा, मी ठरवलंय. घरात एक जागा रिकामी झालीये आणि मी अर्ज मागवतेय. तुम्ही दोघांनी अर्ज करावा असं माझं मत आहे. दादाचा फॉर्म मी दाराखालून सरकवलाय. वयाची अट नाही, अनुभवाचीही नाही, नाहीतर तुमची पंचाईत व्हायची. प्रश्न एकच आहे : मी दोन वर्षं कोणत्या दाराची वाट बघत होते? माहीत नसेल तर येऊन मलाच विचारलं तरी पूर्ण गुण आहेत. फक्त मेसेज करायचा नाही. उठायचं, माझ्या खोलीपर्यंत चालत यायचं आणि दार वाजवायचं. मी आत आहे."