कुंदाची सत्तावीस नंबर

त्या शहरात बससाठी राखलेल्या रस्त्यात दुसरं वाहन शिरलं, की दंड म्हणून त्या वाहनाची त्या दिवसापुरती बस करत. पैसे घेत नसत. आदल्या वर्षी एका दूधवाल्याची सायकल कापूस बाजार ते स्टेशन अशी दिवसभर धावली होती, आणि वेळेवर धावली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कुंदालाही ठाऊक होतं. म्हणून तर बुधवारी सव्वाअकराला दगडी पुलाच्या तोंडाशी स्कूटर थांबवून ती पाटी नीट वाचत होती. अंगावर हिरवी इरकल, पायाशी घुगऱ्यांचा डबा, पिशवीत चांदीचे वाळे आणि ओठांच्या आत एक नाव. तिच्या धाकट्या भावाला, दिगूला, लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली होती. आज तिचं बारसं. मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि सख्खी आत्या कुंदा एकटीच. नाव तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. उशीर झालाच तर चुलत आत्या नलू सकाळपासून पाळण्याशी ठाण मांडून बसलेली. नलूनं मोबाइलमधून शोधून काढलेलं नाव होतं कियांशी. ते आठवलं की कुंदा आपलं नाव मनातल्या मनात पुन्हा घोकायची.

पाटीवर लिहिलं होतं: 'बसखेरीज सर्व वाहनांस बंद. सकाळी आठ ते अकरा. सणाच्या दिवशी उलट. खालील बाण पाहावा.' खालच्या बाणावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला, आणि त्यातला गॉगलवाला माणूस बोटानं नदीकडं दाखवत होता. कुंदानं विचार केला. अकरा वाजून गेले. सण म्हणावा तर नारळी पौर्णिमा होऊन गेली, पोळा लांब. रस्ता मोकळा. तिनं स्कूटर आत घातली.

पुलाच्या मध्यावर हवालदार घोलप उभे होते. त्यांनी हात केला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहात. जा. पण एवढं नटूनथटून निघालात कुठं?"

इथंच ती चुकली. आनंद पोटात मावतच नव्हता तिच्या.

"अहो, आमच्याकडं आज मोठा सण आहे! दिवाळीच म्हणा ना! भावाच्या मुलीचं बारसं!"

घोलपांनी वही काढली. "सण आहे म्हणता?"

"मग! अकरा वर्षांनी पाळणा हलतोय!"

"म्हणजे आज उलट," घोलप लिहीत म्हणाले. "अकरापर्यंत तुम्हाला मोकळं होतं. अकरानंतर फक्त बस. ताई, तुम्ही पंधरा मिनिटं आधी यायला हवं होतं."

"अहो, पण सण माझ्या घरचा! सगळ्या गावाचा थोडाच आहे?"

"कुणाचा सण ते पाटीवर लिहिलेलं नाही. मी माझ्या मनानं कसं ठरवू?"

बोलणं बरोबर होतं. घोलपांनी चौकीतून पाटी आणून स्कूटरच्या पुढं अडकवली: '२७, दगडी पूल ते नवी वसाहत'. मग चौकीतून लांडगेबाई आल्या. खाकी कोट, खांद्याला तिकिटांची पेटी. त्या मागच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "घंटीची दोरी नाही तुमच्या गाडीला. पाठीवर एक थाप म्हणजे थांबायचं, दोन म्हणजे निघायचं. चला ड्रायव्हर."

"बाई, सत्तावीस टिंबर गल्लीवरून जाते का हो? भावाचं घर तिथं आहे."

"टिंबर गल्लीत बसला बंदी आहे. पाण्याच्या टाकीला थांबते. बारा अठराला."

"मुहूर्त बारा वीसचा आहे!"

"मग दोन मिनिटं हातात आहेत. ती इथं घालवू नका."

बस चालवताना ड्रायव्हरनं फोन करायचा नसतो, म्हणून फोन लांडगेबाईंनीच लावला. "दिगंबर का? सत्तावीस नंबरची कंडक्टर बोलते. पाळणा घेऊन टाकीच्या थांब्यावर या."

"का? ताई बसनं येतेय का?"

"बसनं नाही. ताईंची स्कूटर बस झालीय. बस गल्लीत येत नाही."

"अहो, पण पाळणा?"

"सामानात चालतो. बाळाला तिकीट नाही."

मग दिगूचा आवाज आला, फोनपासून लांब तोंड करून ओरडलेला: "अरे, पाळणा उचला रे! फुलांसकट उचला!"

बाजारच्या थांब्यावर तेरा जण चढले. कचेरीला एकोणीस. चव्वेचाळीस बसून आणि अकरा उभे अशी परवानगी होती, आणि लांडगेबाई "पुढं सरका, पुढं जागा आहे" म्हणाल्या की लोक सरकत होते, आणि पुढं जागा होती. सीट होती तेवढीच होती, दोन हात लांब. एका म्हाताऱ्यानं चष्मा पुसून सगळीकडं पाहिलं.

"सत्तावीसची गाडी नवी दिसतेय."

"आजच आली," लांडगेबाई म्हणाल्या.

"गादी बरी आहे. मागच्या गाडीची फार टोचायची."

घड्याळाकडं पाहिलं की कुंदा मूठ जोरात पिळायची, आणि पुढच्या क्षणी वळण घेताना मागं बत्तीस माणसं एका अंगाला कलली की तिला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. जन्मात तिला कुणी ड्रायव्हर म्हटलं नव्हतं. समोरून येणाऱ्या लांबलचक लाल बसच्या ड्रायव्हरनं तिला हात केला. आपल्यातल्या माणसाला करतात तसा. कुंदानंही केला.

पण दवाखान्याच्या थांब्यावर एक आजी उतरता उतरता दारातच थांबल्या आणि छत्री शोधू लागल्या. छत्री सापडली, मग कळलं ती दुसऱ्याची. बारा सोळा.

"आजी, पाया पडते, उतरा की!" कुंदा कळवळून म्हणाली.

"उतरतेय गं बाई. पायरी उंच आहे तुझी."

टाकीच्या थांब्यावर बस पोचली तेव्हा बारा एकोणीस झाले होते. चौघांनी खांद्यावर घेतलेला पाळणा, झेंडूच्या माळा लोंबताहेत, दिगूच्या एकाच पायात चप्पल, बायको बाळाला छातीशी धरून, मागं गल्लीतल्या पंधरा-वीस बायका. आणि सगळ्यांच्या पुढं नलू, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून.

"कुंदे, वीस झाले की मी सांगणार हं! मुहूर्त तुझ्या बसची वाट बघत नाही!"

"आधी उतरू द्या! मग रांगेनं!" लांडगेबाई गरजल्या. दोघं उतरले. पाळणा चढला, वरच्या दांडीला टांगला गेला. बाळ त्यात निजलं. बायका चढल्या. नलू कोपरानं वाट काढत पाळण्याशी पोचली आणि बाळाच्या कानाशी वाकली.

"तिकीट," लांडगेबाई म्हणाल्या.

"अहो, आधी नाव तर..."

"आधी तिकीट. मग काय ते."

नलूनं कमरेला हात लावला, पिशवीत घातला, पदराचं टोक चाचपलं. पाळणा उचलायच्या गडबडीत तिची पर्स घरी राहिली होती.

"मग खाली उतरा. पुढच्या फेरीला या."

"अहो, मी आत्या आहे!"

"आत्यांना सवलत नाही."

नलू उतरली. बारा वीस झाले. कुंदा हँडल धरूनच मागं वळली, आणि चष्मेवाल्या म्हाताऱ्यानं वर लावलेल्या पाटीकडं बोट केलं. "ते वाचा. चालकाशी बोलू नये."

लांडगेबाईंनी पाटी वाचली, परत वाचली.

"चालकाशी कुणी बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "चालकानं बोलायचं नाही असं लिहिलेलं नाही. आणि हे बाळ काही उलट उत्तर देणार नाही."

बाळानं जांभई दिली. कुंदा वाकली, कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" केलं आणि सकाळपासून दातांमागं धरून ठेवलेलं नाव सोडलं: "अबोली."

"अबोली!" दिगूची बायको ओरडली आणि रडायलाच लागली. मग रीतीप्रमाणं बायका आत्याच्या पाठीवर बुक्के घालायला धावल्या. पहिल्या दोघींचे बसले. दोन थापा. कुंदानं गाडी सोडली.

"ताई! मी राहिलो!" दिगू एका चपलेनिशी मागं धावला. "माझी पोरगी!"

"पुढच्या फेरीला ये! एक दहाला!" कुंदा वाऱ्यात ओरडली, आणि बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. घुगऱ्या बसभर वाटल्या. चष्मेवाल्यानं दोनदा घेतल्या.

दिवसभरात सात फेऱ्या झाल्या. एक दहाच्या फेरीला दिगू चढला, तीनच्या फेरीला पर्स घेऊन नलू. संध्याकाळी साडेसहाला शेवटची फेरी पुलावर आली, तेव्हा घोलपांनी पाटी काढायला हात घातला.

"उद्या तुमच्याकडं काही?"

"नाही," कुंदा म्हणाली. बोलताना तिचा आवाज जरा पडला.

"मग उद्या साधी स्कूटर."

चष्मेवाला उगाच गादी चाचपत बसला. मग मागून नलूचा हात वर आला.

"माझ्याकडं आहे. माझ्या सुनेचं डोहाळजेवण."

घोलपांनी कुंदाकडं पाहिलं.

"कुणाचा सण ते पाटीवर लिहिलेलं नाही," कुंदा म्हणाली.

घोलपांनी थोडा विचार केला, आणि पाटी पुन्हा होती तिथं अडकवली.

"सव्वाअकराला या," ते म्हणाले. "आधी आलात तर दंड होणार नाही."