कपाट क्रमांक चारमधला डबा

जे हरवलेलं नाही ते शोधत फिरणं हा माणसाचा सर्वांत जुना उद्योग आहे, आणि त्याला पुरेसा वेळ मिळावा म्हणूनच बाकीचे शोध लागले असावेत. ज्या वर्षी माझ्या मुलीला जुळ्या मुली झाल्या आणि जावई आठवडाभर एकीलाच दोनदा अंघोळ घालत राहिला, त्या वर्षी हा उद्योग आमच्या हॉटेलात पोहोचला.

हॉटेल विमानतळापासून अकरा मिनिटांवर. मी तिथे माळी होतो. आमच्याकडे वैमानिक मुक्कामाला येत. सकाळी उतरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उडायचं आणि मधे झोपायचं, असा नियम. पण माणूस झोपून झोपून किती झोपणार? दुपारी चारपर्यंत सगळे टवटवीत होत, आणि मग त्यांना काहीतरी विधायक करावंसं वाटे. पूर्वी ते पत्ते खेळत. पण पत्त्यांत हरून चिडलेला माणूस सकाळी विमान उडवणार, हे प्रवाशांच्या हिताचं नव्हतं. मग डबाशोध आला.

डबाशोध म्हणजे असं. एक जण घट्ट झाकणाचा डबा घेतो, आत कागदाची गुंडाळी ठेवतो आणि डबा कुठेतरी लपवतो. मग तो कुठे लपवला याचे नकाशावरचे आकडे साऱ्या जगाला कळवतो. (कळवायचाच होता तर लपवला कशाला, असा प्रश्न मीही पहिल्या आठवड्यात विचारत असे.) दुसरा माणूस ते आकडे फोनमध्ये घालून येतो, डबा शोधतो, गुंडाळीवर आपलं नाव लिहितो, डबा जागच्या जागी ठेवतो आणि जातो. जगात काडीचाही फरक पडत नाही. इतकं निरुपद्रवी काम आमच्या हॉटेलात दुसरं कुणी करत नव्हतं, मॅनेजरसुद्धा.

नियम दोनच. शोधताना बाहेरच्या माणसाला संशय येता कामा नये. आणि डबा कुठे आहे ते कुणी सांगायचं नाही. सांगितलं की तो शोध बाद.

पहिला नियम पाळण्यासाठी वैमानिक माझ्या कुंपणापाशी येऊन बुटाची नाडी बांधत. एका महिन्यात मी मोजलं, चौसष्ट वेळा नाडी बांधली गेली. (त्यांपैकी एकोणचाळीस बुटांना नाडी नव्हती.) फोन त्यांना डब्यापासून चार पावलांवर आणून सोडे. तिथून पुढचा प्रवास गुडघ्यांवर.

आता त्या डब्याविषयी. तो कुणा वैमानिकाने सोमवारी दुपारी मेंदीच्या कुंपणात लपवला. मंगळवारी सकाळी सातला मी कुंपण कापायला घेतलं आणि सात वाजून दहा मिनिटांनी डबा माझ्या हातात होता. सापडलेली वस्तू जमा करावी, एवढं मला कळत होतं. मी तो सामान-मावशींकडे नेला.

सामान-मावशी म्हणजे सापडलेल्या सामानाच्या प्रमुख. तळघरात त्यांची खोली, खोलीत सहा लोखंडी कपाटं, कपाटांच्या चाव्या कमरेला. पाहुण्यांनी विसरलेल्या एकशे ब्याण्णव छत्र्या, कवळीचे तीन जोड आणि एक तबला त्या सांभाळून होत्या. नियम असा की वस्तू फक्त मालकाला मिळेल, आणि ज्याला सापडली त्याने नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहायचं.

"मला लिहिता येत नाही मावशी," मी म्हणालो.

"मग शिका. डबा काही नासत नाही."

मी सत्तावन्न वर्षांचा होतो. मावशींनी मला रोज जेवणाच्या सुट्टीत चार अक्षरं दिली. पाच महिन्यांनी मी नोंदवहीत लिहिलं, "डबा सापडला. कुंपणात. माळी." हे माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य. मावशी म्हणाल्या, डब्यात ज्याला सापडला त्याच्या सहीची गुंडाळीही आहे, तीही भरा, अर्धवट काम नको. म्हणून तिथेही लिहिलं. डबा कपाट क्रमांक चारमध्ये गेला.

इकडे वैमानिक येत होते आणि नाड्या बांधत होते. कुणालाच डबा सापडेना. दोन वर्षांत तीनशे अकरा जण हात हलवत परत गेले. जगभरच्या यादीत आमच्या डब्याला अवघडपणाचे पाचपैकी पाच तारे मिळाले. हॉटेलला तीनच होते.

याच मंडळींत एक मिशीवाले कप्तान होते. मोठा दिलदार माणूस. त्यांना एक खोड होती, ते सामान भरताना समोर दिसेल ते बॅगेत टाकत. टॉवेल, चमचे, एकदा तर उशाजवळचा दिवा. त्यांच्या बाई, म्हणजे पत्नी, दर महिन्याला ते सगळं पार्सल करून मावशींना परत पाठवत. सोबत चिठ्ठी असे, "यांना सांगू नका, लाजतील." दोघी कधी भेटल्या नाहीत, पण सख्ख्या बहिणींसारखा पत्रव्यवहार होता.

कप्तानांनी नऊशे नव्व्याण्णव डबे शोधले होते. निवृत्तीच्या आत हजार करायचे, असं त्यांनी घरी, दारी आणि कंपनीच्या मासिकात जाहीर केलं होतं. त्यांचा शेवटचा मुक्काम आमच्याकडे पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शेवटचं उड्डाण, आणि पंचक्रोशीत न सापडलेला डबा एकच.

दुपारी चारला कप्तान आणि त्यांची सहवैमानिक, वेणीवाली तरतरीत मुलगी, बागेत उतरले. वैमानिक कुठलंही काम यादी वाचून करतात. ती वाचे, ते उत्तर देत.

"कुंपण, डावी बाजू?"

"तपासली."

"कुंपण, उजवी बाजू?"

"तपासली."

"नळाची तोटी?"

"तपासली. गळतेय."

"मुंग्या?"

"आहेत. चढल्या."

मला राहवेना. मी जवळ जाऊन म्हणालो, "साहेब, त्या डब्याचं असं आहे की..."

कप्तानांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "माळीदादा, एक शब्द बोलू नका! चाळीस वर्षं ढगातून धावपट्टी शोधली मी, कुणाला विचारलं नाही!"

"सर, टॉवरला विचारायचो की आपण," वेणीवाली म्हणाली.

"तू यादी वाच."

मी तडक तळघर गाठलं. वाटेत सांगितलं तसे मॅनेजरही धापा टाकत मागोमाग आले. तिथे उभ्या उभ्या बैठक झाली, ती मी आठवेल तशी देतो.

"मावशी, डबा काढा आणि कुंपणात ठेवा," मॅनेजर म्हणाले.

"मालक आलाय का?"

"मालक नोकरी सोडून गेला म्हणतात."

"मग कप्तानांना येऊन मागू दे."

"त्यांनी मागितला तर बाद होतो! शोधायला लागतो!"

"आणि मी न मागता दिला तर मी बाद होते. एकतीस वर्षं झाली, या खोलीतून एक टाचणी हरवलेली नाही."

मग मावशींच्याच डोक्यात प्रकाश पडला. नियमांत वस्तू बिगरमालकाला देण्यास मनाई होती. वस्तू हरवण्याविषयी मात्र नियमावलीत एक अक्षर नव्हतं. मावशींनी डबा हरवायची तयारी दाखवली. फक्त तसा लेखी अर्ज हवा होता. मॅनेजरांनी अर्ज लिहिला, "सदर डबा आपल्या सोयीने हरवावा, ही विनंती." मावशींनी तो दोनदा वाचून फाइलला लावला.

"कुंपणातच हरवा हं," मॅनेजर म्हणाले.

"कुठे हरवायचा ते ठरवून हरवला तर तो हरवला कसा? तुम्ही वर जा."

पाच मिनिटांनी मावशी पदराआड डबा धरून लॉबीत आल्या. तिथे कप्तानांची काळी बॅग उभी होती, कानाला लावायचे हेडफोन आणि कागदपत्रं घेऊन विमानात न्यायची. मावशींनी चेन उघडली, डबा आत सारला, चेन लावली. मी कुंड्यांना पाणी घालत होतो, मला सगळं दिसलं.

"उद्या विमानात बसल्यावर बॅग उघडतीलच की," त्या पुटपुटल्या. "कुणी सांगितलं नाही, कुणी दिला नाही. स्वतःच्या हाताने सापडेल."

एवढी सरळ, एवढी दयाळू युक्ती मी दुसरी पाहिली नाही. तिच्यात चूक एकच होती. ती विमानवाल्यांना विचारून केलेली नव्हती.

कप्तान अंधार पडेपर्यंत रांगले. सकाळी पुन्हा आले. विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं, आणि तांत्रिक कारणामुळे विलंब होत असल्याबद्दल प्रवाशांची क्षमा मागण्यात आली. (तुम्ही त्या विमानात असाल, तर ते तांत्रिक कारण माझ्या गुलाबाच्या वाफ्यात पालथं पडलं होतं.) शेवटी कप्तान उठले, गुडघे झटकले, आणि टोपी घालून माझ्याशी हात मिळवला.

विमानात त्यांनी बॅग उघडलीच नाही. शेवटच्या उड्डाणाचा मान म्हणून सगळ्या मंडळींनी मिळून त्यांना नवे हेडफोन भेट दिले होते. बॅगही वेणीवालीने घरापर्यंत उचलून नेली.

आठव्या दिवशी मावशींना पार्सल आलं. दोन टॉवेल, एक साबणदाणी आणि डबा. आतल्या गुंडाळीवर आमच्या हॉटेलचं नाव होतं, त्यामुळे बाईंना शंका राहिली नाही. चिठ्ठी होती, "जाता जाता यांनी पुन्हा तुमचं काहीतरी आणलंच. बॅग मीच रिकामी केली. यांना सांगू नका, लाजतील."

मावशींनी चिठ्ठी वाचली आणि बराच वेळ चष्मा पुसला. मग नोंदवही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं, "डबा सापडला. पार्सलमध्ये. माळी." या वेळी एकाच दिवसात. डबा कपाट क्रमांक चारमध्ये गेला.

कप्तान त्यानंतर दर हिवाळ्यात आठवडाभर येऊ लागले. वर्दी नाही, नाडी बांधायचं सोंगही नाही, सरळ येऊन रांगायचे. तिसऱ्या वर्षी मी त्यांच्यासाठी पोत्याची गुडघेगादी शिवली. त्यांची डावी बाजू तपासून झाली की मी चहा आणे. मावशी निवृत्त झाल्या तेव्हा कपाट चारची चावी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुमच्या मनाला येईल तसं करा. मला विचारू नका." सहा हिवाळे ती चावी माझ्या खिशात होती, कप्तानांच्या नाकापासून हातभर अंतरावर. फोनसुद्धा इतक्या जवळ आणून सोडत नाही.

एकदा मी विचारलं, "साहेब, समजा सापडलाच, तर?"

"तर काय, नाव लिहीन."

"आणि मग?"

कप्तानांनी मेंदीत हात घातलेला तसाच ठेवला. "बाई म्हणते, तू तिथे जातोस तेवढे आठ दिवस घर आवरून होतं," ते म्हणाले. "चहात साखर कमी आहे आज."

त्या गुंडाळीवर शोधणाऱ्याचं म्हणून आजही एकच नाव आहे. जगातला सर्वांत अवघड डबा शोधलेला एकमेव माणूस मी, वेळ दहा मिनिटं. यादीत माझी नोंद नाही, कारण शोधताना मला शोधत असल्याचं माहीत नव्हतं.

आता तुमच्याविषयी. नाड्या मोजताना तुम्ही हसलात, ते मी पाहिलं. डबा कुठे आहे हे तुम्हाला कपाट बंद झालं तेव्हापासून ठाऊक होतं. दुपार गेली, सकाळ गेली, सहा हिवाळे गेले, म्हातारा माणूस तुमच्यासमोर मुंग्यांत रांगत होता, आणि तुम्ही पुढे काय होतं ते बघत बसलात. माझी तरी नोकरी होती. तुम्हाला कुणी अडवलं होतं?

माझ्या जुळ्या नाती चौथीत गेल्या त्या वर्षी, फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कप्तान त्यांच्या घरी वारले. डबे नऊशे नव्व्याण्णव.